दर जुलैत टेरेरियम सडतं: तळाचं पाणी, ठिबकणारं नोझल आणि रोजचा हिशेब

सलग तीन वर्षं माझं टेरेरियम, म्हणजे काचेच्या पेटीतली छोटी बाग, जुलैच्या मध्यावर आजारी पडलं. क्रमही ठरलेला. आधी समोरच्या काचेवरचा दमटपणा दिवसभर उतरत नाही. मग फिटोनियाची खालची पानं शिजवल्यासारखी पारदर्शक होतात, मॉससारखी दिसणारी सेलाजिनेला बुडाशी काळी पडते आणि एके दिवशी काच सरकवली की सडक्या अंड्यांचा वास येतो. पहिली दोन वर्षं मी सगळे करतात तेच केलं. सगळं उपसलं, मिश्रण बदललं, झाडं धुऊन परत लावली. ऑक्टोबरात सगळं टवटवीत झालं की वाटायचं, चला, जमलं एकदाचं. पुढच्या जुलैत पुन्हा तोच वास.

तिसऱ्या वर्षी मात्र काहीही उपसायच्या आधी काचेवर मार्करने रेघ मारली आणि आत किती पाणी जातंय ते मोजायला बसले. तेव्हा कळलं की दोन वर्षं मी बिचाऱ्या मिश्रणाला उगाच दोष देत होते.

पेटी अशी आहे: ६० सेंमी लांब, ४५ रुंद, ६० उंच. समोर सरकत्या काचा, वर अर्धी काच आणि अर्धी जाळी. तळाशी ५ सेंमी लेका, म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्या. त्यावर खिडकीला लावतात ती फायबरची मच्छरजाळी, आणि जाळीवर कोकोपीट, पाइन बार्क, परलाइट, कोळसा यांचं १० सेंमी मिश्रण. वर मिस्टिंगसाठी, म्हणजे धुक्यासारखं पाणी फवारायला, चार नोझल, घरच्या आरओत असतो तसला २४ व्होल्टचा बूस्टर पंप आणि एक डिजिटल टायमर. पेटी बनवून देणारा म्हणाला होता, "ताई, खाली गोळ्या टाकल्या ना, मग पाणी जास्त झालं तरी चिंता नाही." चिंतेचं मूळ नेमकं तेच वाक्य होतं.

आधी मोजा

एका नोझलखाली मेजरिंग कप धरून पंप बरोबर एक मिनिट चालवा. माझ्या नोझलमधून ७० मिली निघालं. चार नोझल म्हणजे मिनिटाला २८० मिली. माझ्या टायमरला एक मिनिटापेक्षा कमी वेळ लावताच येत नव्हता आणि तो दिवसातून चार वेळा चालायचा. म्हणजे रोज १,१२० मिली. डोळ्यांना हे फक्त चार वेळचं नाजूक धुकं दिसतं, मोजून बघितलं की लिटरच्या वर जातं.

आता तळ. ६० गुणिले ४५ म्हणजे २,७०० चौरस सेंमी. गोळ्यांच्या मधली पोकळी साधारण ४० टक्के धरली तर थरात एक सेंमी पाणी चढायला १,०८० मिली लागतं. म्हणजे वाफ होऊन काहीच गेलं नाही, तर माझा टायमर रोज एक सेंमी पाणी चढवत होता. पाच सेंमीचा थर पाच दिवसांत भरला असता.

मग एप्रिलमध्ये का भरत नव्हता? कारण एप्रिलमध्ये पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की वरच्या जाळीतून जवळजवळ सगळं पाणी उडून जातं. तेव्हा हाच टायमर बरोबर होता. जुलैत बाहेरचीच हवा पाण्याने गच्च भरलेली असते, आतलं पाणी उडून जाणार कुठे? टायमर तोच, पेटी तीच, फक्त बाहेर जायची वाट बंद. दर जुलैला दुखणं उलटण्याचं कारण एवढंच, आणि तरी ते मला दोन वर्षं दिसलं नाही.

पूर्ण बंद बरणीचं गणित वेगळं असतं. १८२९ मध्ये लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीत फर्न उगवलेलं पाहिलं, आणि ह्या छंदाची सुरुवात तिथून धरली जाते. त्या बाटलीला कोणी फवारा मारत नव्हतं. आतलंच पाणी काचेवर जमायचं आणि खाली उतरायचं. तुमची बरणी झाकण लावलेली असेल तर तिला मिस्टिंग लावूच नका. जितकं घालाल तितकं आतच राहील. पुढचं सगळं वर जाळी असलेल्या पेट्यांसाठी आहे.

खालचा थर माती कोरडी करत नाही

बहुतेकांचा गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबते. आपल्याला वाटतं की खाली गोळ्या घातल्या की वरच्या मातीतलं जास्तीचं पाणी त्यात निथळून जाईल. तसं होत नाही. बारीक कणांच्या मिश्रणात पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं. खाली मोठ्या पोकळ्यांचा थर आला म्हणून ते पाणी सहजासहजी त्यात उतरत नाही. मिश्रणाचा सर्वांत खालचा पट्टा चिंब होईपर्यंत पाणी तिथेच अडून बसतं.

स्वयंपाकघरात करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकायचा थांबला की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची बदलली. स्पंजच्या तळाशी ठरावीक उंचीचा एक चिंब पट्टा कायम राहतो. त्याची उंची स्पंजच्या छिद्रांवर ठरते, खाली ताट आहे की जाळी ह्यावर नाही. टेरेरियममध्येही तेच. नुसतं बारीक कोकोपीट असेल तर तो पट्टा मुळांच्या गळ्यापर्यंत येतो. पाइन बार्कचे तुकडे, परलाइट, कोळशाचे खडे घालून मिश्रण भरड केलं की पट्टा खाली सरकतो. मुळांना श्वास मिळतो तो मिश्रणातल्या भरडपणाने.

मग गोळ्या कशाला? आपल्या चुका साठवायला. तो एक हौद आहे. हौद जोवर रिकामा आहे तोवर मातीच्या खाली पाणी उभं राहत नाही. हौद भरून जाळीला टेकला की चिंब पट्टा तिथून वर मोजायचा. पाणी हललं नाही की त्यातला ऑक्सिजन संपतो, ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू बळावतात आणि हायड्रोजन सल्फाइडचा तो वास सुटतो.

कोळशाबद्दल एक वाक्य, कारण प्रत्येक व्हिडिओत तो "पाणी शुद्ध करतो" म्हणून सांगितलेला असतो. साचलेल्या पाण्यात पडून राहिलेला कोळसा फिल्टरचं काम करत नाही. मिश्रण मोकळं ठेवायला तो उत्तम, त्याहून जास्त अपेक्षा नको.

पाणी काढायची वाट

पेटी अजून बनवायची असेल तर मागच्या काचेला तळालगत भोक पाडून घ्या आणि टँक कनेक्टर बसवा. भोक काचा चिकटवायच्या आधी पाडायचं. टफन केलेल्या काचेला कधीही नाही, ड्रिल टेकताच तिचा चुरा होतो. शंका असेल तर काचवाल्याला स्पष्ट विचारा.

पेटी लावून झालेली असेल तर माझा उपाय करा. २० मिमीचा पीव्हीसी पाइप पेटीच्या उंचीएवढा कापा, खालच्या टोकाला करवतीने तीन-चार खाचा मारा आणि ते टोक मच्छरजाळीत गुंडाळून केबल टायने आवळा. मागच्या कोपऱ्यातलं मिश्रण चमच्याने बाजूला करा, जाळीला चीर द्या आणि पाइप गोळ्यांमधून थेट काचेपर्यंत खाली दाबा. फर्नची पानं पुढे आली की तो दिसतही नाही. पाइपमधून फिशटँकच्या हवेची बारीक नळी सोडायची, दुसऱ्या टोकाला ६० मिलीची सिरिंज लावून एकदा ओढायचं आणि नळी जमिनीवरच्या बादलीत टाकायची. बाकी काम गुरुत्वाकर्षण करतं. पहिल्या दिवशी माझ्याकडे पावणेपाच लिटर पाणी निघालं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. आई म्हणाली, "एवढं पाणी पोटात घेऊन ती झाडं जगली कशी?"

पूर्ण स्टँडच्या पुढच्या दोन पायांखाली चार-पाच मिमीच्या पट्ट्या सरकवल्या तर पाणी मागच्या कोपऱ्याकडे जमतं. पट्ट्या स्टँडखाली, पेटीच्या काचेखाली नको. काचेचा तळ सगळीकडून सारखा टेकलेला हवा, नाहीतर जोड सुटतो.

बाहेरून काचेवर २ सेंमीला लाल रेघ मारून ठेवा. पाणी रेघेला लागलं की काढायचं.

हौद रिकामा करूनही तीन-चार दिवसांनी एखादा भाग ओलाच दिसला तर तिथे वात आहे असं समजा. जाळीच्या कडेवरून ओघळलेलं कोकोपीट, मागच्या काचेला लावलेला, तळापर्यंत पोचलेला कॉयरचा (काथ्याचा) पडदा, गोळ्यांत लोंबणारं मॉस, ह्यातलं काहीही समईतल्या वातीसारखं पाणी वर खेचत राहतं. पडदा तळापासून तीन-चार सेंमी वर कापायचा आणि जाळीच्या कडा काचेवर थोड्या वर दुमडून घ्यायच्या.

हिशेब जुळेना

इथवर करून मी खूश होते. हौद संध्याकाळी रिकामा केला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघितलं तर पाणी १.८ सेंमी चढलेलं. म्हणजे जवळजवळ १.९ लिटर. टायमर तर १.१ लिटरच देतो, आणि त्यातलं थोडं उडून जायला हवं. वरचे ८०० मिली आले कुठून? पेटीची काच गळत असती तर पाणी कमी झालं असतं. इथे वाढत होतं.

रात्री दिवे घालवून टॉर्च घेऊन बसले. उजवीकडचं मागचं नोझल ठिबकत होतं. पंप बंद होऊन दोन तास झाले होते, तरी दर चार सेकंदांना एक थेंब. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिली. मिनिटाला १५ थेंब धरले तर दिवसाला १,०८० मिली! त्या एका नोझलचा आळशी थेंब चार नोझलच्या फवाऱ्याएवढं पाणी आत सोडत होता, आणि तेही एकाच जागी. बरोबर त्याच्याखालची सेलाजिनेला त्या वर्षी सगळ्यात आधी गेली होती.

ठिबकण्याची कारणं दोन, ओळखायची खूण सोपी. फवारा थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं थेंब पडून मग थांबत असतील, तर नळीत हवा अडकली आहे. पंप चालताना ती हवा दबते आणि पंप थांबला की प्रसरण पावून उरलेलं पाणी ढकलते. नळी तोकडी करा, उगाच वेटोळी ठेवू नका, आणि एकदा शेवटचं नोझल काढून पंप चालवा म्हणजे हवा निघून जाईल. थेंब तासन्‌तास थांबतच नसतील, तर पाण्याचा कॅन नोझलपेक्षा उंचावर आहे. माझा कॅन खाली जागा नाही म्हणून त्या वर्षी कपाटावर गेला होता. असल्या डायफ्राम पंपाच्या आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत, पण पुढे जाणाऱ्या पाण्याला अडवत नाहीत. पंप बंद असला तरी उंचावरचं पाणी त्यातून झिरपत राहतं. कॅन जमिनीवर ठेवला आणि दोन मिनिटांत थेंब थांबला. पहिल्या दोन वर्षांची साथ टायमरने आणली होती, तिसऱ्या वर्षी त्यात ह्या कॅनची भर.

कॅन खाली ठेवणं शक्यच नसेल तर आरओमधला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, वापरा. वीज नसताना तो बंद असतो. पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही २४ व्होल्टचे घेऊन एकाच अडॅप्टरवर समांतर जोडले की पंपाबरोबर उघडतो, पंपाबरोबर मिटतो. नोझलच्या जितका जवळ तितका बरा, आणि अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने. मी आरओ दुरुस्तीच्या दुकानात गेले तेव्हाचा संवाद असा:

"ताई, मशीन कुठलं तुमचं?"

"मशीन नाही दादा, झाडांना पाणी मारायचंय."

"ह्या पंपाने? किती एकर?"

एकर नाही, दीड चौरस हातसुद्धा नाही म्हटल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह दिला आणि नळीचे चार एल्बो फुकट दिले. ह्या छंदासाठी परदेशातून किट मागवायची काहीही गरज नाही. पाव इंची नळी, पुश फिटिंग, सेडिमेंट फिल्टर, अडॅप्टर, सगळं गल्लीतल्या आरओवाल्याकडे मिळतं. फक्त वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी तिला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून जमिनीवर पडेल.

टायमर मात्र बदललाच. मिनिटाचा टायमर मिस्टिंगच्या कामाचा नाही. सेकंदांत लावता येणारा सायकल टायमर घ्या. काटा फिरणारा जुना टायमर तर अजिबात नको. त्याचा सर्वांत छोटा टप्पाच बहुधा १५ मिनिटांचा असतो, आणि गुरुवारी वीज गेली की तो तेवढे तास मागे राहतो. मग पहाटेचा फवारा दुपारी.

नोझल, क्षार आणि टँकरचं पाणी

धुक्याऐवजी एका बाजूला पिचकारी उडत असेल किंवा मोठे थेंब पडत असतील, तर नोझलच्या तोंडाशी क्षार बसलाय. आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर असते आणि त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, माझ्या मीटरवर ७०० च्या वर दाखवतो. काचेवरचे पांढरे डाग हेच सांगतात. नोझल काढून कपभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून दोन तास बुडवा, मग उलट बाजूने पाणी सोडा. सुई घालू नका. भोक एकदा मोठं झालं की ते नोझल धुकं करत नाही, फक्त गळतं.

कॅनमध्ये आरओचं गोड पाणी भरा. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची चांगली सवय अनेकांना आहे, पण ते इथे चालत नाही, कारण गाळून काढलेले क्षार त्यातच जमा झालेले असतात. सगळ्यात चांगलं पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, मग घमेलं ठेवायचं आणि कापडातून गाळून भरायचं. एसीचं पाणी क्षारमुक्त असतं, पण ते कॉइलवरून आणि शेवाळलेल्या नळीतून येतं. नुसत्या झाडांना मी ते गाळून वापरते. पेटीत बेडूक किंवा इतर जीव असतील तर वापरू नका.

पावसाळ्याची मांडणी

आता १५ जूनला टायमर बदलायचा हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात रोज चार वेळा २० सेकंद. पावसाळ्यात सकाळी एकदा १५ सेकंद, म्हणजे फक्त ७० मिली. ह्या हिशेबाने पाणी एक सेंमी चढायला पंधरा दिवस लागतात. आठवडाभर सलग झड लागली की तेही बंद.

वरची काच दिवसा दोन बोटं सरकवून ठेवते. बाहेरची हवाच ओली असताना काच उघडून काय होणार, असं वाटेल. पण एलईडी लाइटमुळे आतली हवा थोडी तापते. २५ अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेली हवा २८ अंशांवर गेली की ७५ टक्क्यांच्या आसपास येते. तेवढ्याने पानांवरचं पाणी दुपारपर्यंत सुकतं, आणि पान रोज एकदा सुकलं तर बुरशीला फारसा वाव राहत नाही. कॉम्प्युटरचा छोटा १२ व्होल्टचा पंखा मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर हळू चालवला तर अजून बरं. काही पंखे एवढ्या कमी दाबावर सुरू होत नाहीत, आधी तपासून घ्या.

आर्द्रता दाखवणाऱ्या स्वस्त डब्बीवर फार विसंबू नका. एका झाकणात मीठ घेऊन ते ओलं होईल इतपतच पाणी घाला, डब्बी आणि झाकण हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. माझी ८२ दाखवते, म्हणून मी नेहमी सात वजा करते.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथल्या उभ्या ओल्या कातळावर बिगोनिया कशी फुललेली असते, ते घाटात गाडी थांबवून एकदा बघा. तिच्या अंगावरून चार महिने पाणी वाहतं, पण मुळाशी घटकाभरही उभं राहत नाही. (बघा म्हटलं, उपटून आणा नाही. रानातलं मॉस आणि रोपं पेटीत फार दिवस टिकत नाहीत, आणि अभयारण्यातून काही उचलणं गुन्हा आहे. नर्सरीतून घ्या.)

पेटी आत्ताच सडलेली असेल तर घाईने सगळं उपसू नका. पाणी काढा, मिस्टिंग बंद करा, समोरची काच तीन-चार दिवस चार बोटं उघडी ठेवा. मऊ, काळी पडलेली खोडं कापून टाका. फिटोनियाचे शेंडे वाचलेले असतील तर ते ओल्या मॉसमध्ये खोचले की आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. चमच्याने खालचं मिश्रण उकरून हुंगा. पावसानंतरच्या मातीसारखा वास असेल तर ते राहू द्या. अंड्याचा वास चार दिवसांनंतरही येत असेल तरच तेवढा भाग बदला.

ह्या वर्षी जुलै कोरडा गेला, म्हणजे पेटीतला. हौदात कधी दीड सेंमीच्या वर पाणी चढलं नाही. फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यातलं मॉस अजून पिवळंच आहे, आणि तिथली माती बोट लावलं की गार लागते. कॉयरचा पडदा तिथे कापायचा राहून गेलाय बहुतेक. दिवाळीच्या सुट्टीत तो कोपरा उकरणार आहे.